बाबा, बाई आणि डावीकडची सीट

आठ हजारांचं छोटंसं नेव्हिगेशन यंत्र घेतलं तेव्हा वाटलं, चला, रस्ता विचारायची कटकट संपली! पण त्या यंत्रानं आमच्या गाडीत एका माणसाची नोकरी घालवली. ती परत कशी मिळाली, त्याची ही गोष्ट... आणि फोनच्या भरवशावर लाँग ड्राइव्हला निघणाऱ्या तुमच्यासाठी चार कामाच्या सूचनाही.

गाडीला १५ वर्षं पूर्ण झाली. आरसी रिन्यू करायची की गाडी विकायची, यावर घरात महिनाभर खल झाला आणि शेवटी विकायचं ठरलं. मग एका रविवारी मी बादली-फडकं घेऊन पार्किंगमध्ये उतरले. डॅशबोर्डच्या कप्प्यातून काय काय निघालं! टोलच्या पुसट पावत्या, पीयूसीची जुनी सर्टिफिकिटं, आवळा सुपारीची अर्धी पुडी, लेकीची हरवलेली एक चिमुकली चप्पल... आणि सगळ्यात तळाशी, जुन्या मोज्यात गुंडाळून ठेवलेली आमची ‘बाई’.

‘‘हा कुठला फोन गं, आई?’’ लेकीनं विचारलं. ती आता कॉलेजात आहे.

‘‘फोन नाही. नेव्हिगेटर. रस्ता दाखवायचा.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काही नाही. फक्त रस्ता दाखवायचा.’’

‘‘फक्त त्याचे पैसे दिलेस तू?’’

दिले म्हणजे काय, हौसेनं दिले! २०१० च्या दिवाळीचा बोनस हातात आला होता आणि ऑफिसमधल्या प्रत्येकाच्या तोंडी त्या दिवसांत ‘जीपीएस’ हा एकच शब्द होता. देशात थ्रीजीचा लिलाव नुकताच झाला होता. फोनवर इंटरनेट वापरायचं म्हटलं की बिलाच्या कल्पनेनं घाम फुटायचा. त्यामुळे नकाशा आतच भरलेलं, काचेला चिकटवायचं यंत्र ही चैन नाही, तर गरज आहे, असं मी नवऱ्याला पटवलं. (आणि स्वतःलाही!) आमच्या खिशाला परवडलं ते सगळ्यात स्वस्तातलं मॉडेल. साडेतीन इंची स्क्रीन, ब्लूटूथ नाही, ट्रॅफिकची माहिती नाही. रस्त्याचं नावही ती उच्चारायची नाही. तिला ठरावीकच वाक्यं यायची. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’, ‘शक्य झाल्यास यू टर्न घ्या’ आणि आपण चुकलो की ते सुप्रसिद्ध ‘रीकॅल्क्युलेटिंग’. तेही अगदी कॉन्व्हेंटच्या हेडमिस्ट्रेससारख्या इंग्रजीत. म्हणून बाबांनी पहिल्याच दिवशी तिचं नाव ठेवलं, ‘बाई’.

एक नोकरी होती...

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा बँकेत होते. चिपळूण, दापोली, कराड, वाई अशा बदल्या झेलत त्यांनी निम्मा महाराष्ट्र आधी स्कूटरवरून आणि मग सेकंडहँड पद्मिनीतून पालथा घातला होता. कुठल्या फाट्यावर वळायचं, कुठल्या घाटात रेडिएटरला पाणी मिळतं, हे सगळं त्यांना पाठ. २००९ मध्ये त्यांची अँजिओप्लास्टी झाली. मग मोतीबिंदू. रात्री समोरून दिवे आले की डोळ्यांपुढे पांढरं होतं, म्हणाले आणि एक दिवस त्यांनी गाडीची किल्ली आपणहून माझ्या हातात दिली. ‘‘तू चालव. मी बसतो डावीकडे.’’

डावीकडची सीट म्हणजे नुसतं बसणं नव्हे, हं! ती नोकरी होती. मांडीवर प्लॅस्टिकच्या कव्हरातला नकाशा, खिशात डायरी. ‘खंबाटकीला जाताना घाट चढायचा, येताना बोगदा’ असल्या गोष्टी ते मला लहान मुलीला सांगावं तसं प्रत्येक वेळी सांगायचे. मी वैतागायचे. त्यात दर तासाला ‘थांब, विचारू कोणाला तरी’ हे आलंच. मग पानाच्या टपरीवर गाडी उभी करायची, बाबा काच खाली करणार, टपरीवाल्याचं गाव, पाऊसपाणी, मुलं काय करतात ही सगळी चौकशी होणार आणि मग रस्त्याचा विषय निघणार. मागे आई झोपलेली, लेक रडतेय, आणि यांच्या गप्पा सुरूच!

यंत्र घेताना माझ्या मनात हे नव्हतं, असं म्हटलं तर ते खोटं होईल.

‘बाबा, प्लीज!’

डिसेंबर २०१० मध्ये आम्ही पाचजण कोकणात निघालो. मी, नवरा, आई-बाबा आणि साडेतीन वर्षांची लेक. आधी दापोली, मग गुहागर. काचेवर ‘बाई’ विराजमान झालेल्या. ताम्हिणी उतरलो तरी सगळं झकास चाललं होतं. माणगावला हायवे लागला, बाबा म्हणाले, ‘‘इथे डावीकडे घे.’’ त्याच क्षणी बाई म्हणाल्या, ‘टर्न लेफ्ट.’ सगळे हसले. बाबाही हसले.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. तिसऱ्यांदा बाई आधी बोलल्या. मग आंबेत, मंडणगड करत दापोलीच्या रस्त्याला लागल्यावर एका तिठ्यावर बाबा सवयीनं म्हणाले, ‘‘थांब, इथे विचारू कोणाला तरी.’’

आणि मी म्हणाले, ‘‘बाबा, प्लीज! आता विचारायची गरज नाहीये. ती सांगतेय ना!’’

काही मोठं भांडण वगैरे झालं नाही. बाबांनी नकाशाची घडी घातली, कव्हरात सरकवली आणि मागे आईकडे दिली. ‘‘ठेव पिशवीत,’’ एवढंच म्हणाले. दापोलीत दोन दिवस मजेत गेले. कड्यावरचा गणपती झाला, हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला. बाबा छान बोलत होते. फक्त गाडीत बसले की गप्प.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुहागरला निघालो. मी नाव टाइप केलं, बाईंनी हिशेब केला. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, वेळ तीन तास. जरा जास्तच वाटलं, पण यंत्र कशाला खोटं बोलेल? दापोलीतून बाहेर पडताना दाभोळच्या दिशेचा एक बोर्ड दिसला. बाबांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. मला ते दिसलं. पण ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

खेड आलं, हायवेवरचे ट्रक आले, चिपळूण आलं. वळणांनी लेकीला दोनदा उलटी झाली. आईचे गुडघे आखडले. गुहागरच्या खानावळीत पोचलो तेव्हा तीन वाजले होते. मालक म्हणाले, ‘‘दापोलीहून आलात? मग फेरीनं आला असाल. आज गर्दी होती का जेट्टीवर?’’

‘‘फेरी?’’ मी विचारलं.

बाबा सोलकढी ढवळत होते. ‘‘दाभोळहून धोपाव्याला,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या वेळी नुसती लाँच होती. आता गाड्या चढतात. तीसेक किलोमीटर दाभोळ, खाडी ओलांडायला दहा मिनिटं आणि मग पुढे पंधरा-वीस किलोमीटर.’’

‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

‘‘होतं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तू विचारलंस कुठे? तू तुझ्या बाईंना विचारलंस.’’

गुन्हेगार कोण?

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी यंत्राची सेटिंग्ज उघडली. म्हटलं, उद्या दुकानात नेऊन आपटते हे! तर आत एक यादी होती. काय काय टाळायचं त्याची. टोल, कच्चे रस्ते, यू टर्न... आणि फेरी. फेरीपुढे बरोबरची खूण होती. ती कोणी केली होती? मीच! घेतल्या दिवशी सोफ्यावर बसून, ‘आपल्याकडे कसल्या आल्यात फेऱ्या’ असं म्हणत. बाईंनी बिचारीनं मी सांगितलं तेच इमानेइतबारे केलं होतं. ज्याला खरं माहीत होतं त्याला मी गप्प बसवलं होतं. बिल फाडायला दुसरं कोणी उरलंच नव्हतं.

परतीच्या दिवशी मी निघण्याआधी नकाशा पिशवीतून काढला आणि बाबांच्या मांडीवर ठेवला. ‘‘बाबा, धोपाव्याची जेट्टी कशी येते?’’ सॉरी वगैरे म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. त्यांनी चष्मा पुसला, ‘‘आधी गाडी काढ, सांगतो,’’ म्हणाले.

फेरीबोटीवर गाडी चढली, इंजिन बंद केलं आणि स्क्रीनवर एक मजा दिसली. आजूबाजूला निळंशार पाणी आणि त्यातून आमचा बाण संथपणे सरकतोय! बाबा पुढे वाकले. ‘‘अरेच्चा! हिला कळतं कसं, आपण पाण्यात आहोत ते?’’ आणि यंत्र काचेवरून काढून त्यांनी पहिल्यांदा हातात घेतलं.

बाईंना कळतं कसं?

मग मला जेवढं माहीत होतं ते मी सांगितलं. उरलेलं घरी येऊन आम्ही दोघांनी वाचलं. फंडा असा आहे. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरतात. व्यवस्थेला किमान २४ लागतात, प्रत्यक्षात तीसच्या आसपास असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि तो सतत सांगत असतो, ‘मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत.’ तो संदेश आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, त्यावरून यंत्र अंतर काढतं. जागा नक्की करायला किमान चार उपग्रह दिसावे लागतात. तीन आपल्या जागेसाठी आणि चौथा आपल्या यंत्रातल्या स्वस्तातल्या घड्याळाची चूक सुधारायला. यंत्र स्वतः काहीच पाठवत नाही, नुसतं ऐकतं. म्हणून त्याला रेंज लागत नाही आणि बिलही येत नाही.

बाबांना आवडली ती घड्याळाची गोष्ट. एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो! त्यात आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादामुळे उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं, आणि ती दुरुस्ती आधीच करून ठेवलेली असते. ‘‘म्हणजे रोजचं टॅली करतात,’’ बँकेतला माणूस म्हणाला आणि त्या क्षणापासून बाईंबद्दल त्यांना आदर वाटू लागला.

आणखी एक. सुरुवातीला सामान्य लोकांसाठीचा सिग्नल अमेरिका मुद्दाम ढोबळ ठेवायची. १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे. एवढ्या फरकात गाडी कुठल्या गल्लीत आहे ते काय कळणार! मे २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशानं ती गडबड बंद झाली आणि मगच ही काचेवरची यंत्रं सगळ्यांच्या कामाची झाली.

नवी ड्यूटी

त्या ट्रिपनंतर आमच्या गाडीत कामांची वाटणी झाली. मी चालवायचं, बाई सांगणार आणि बाईंचे साहेब बाबा! गाडी चालू असताना मी यंत्राला हात लावायचा नाही, हा नियम बाबांनीच केला. आदल्या रात्री जेवणानंतर ते यंत्र घेऊन बसायचे. पूर्ण मार्ग बाहेरून एकदा बघायचे, मग कागदी नकाशाशी ताडून बघायचे. इंग्रजी स्पेलिंगशी त्यांची झटापट बघण्यासारखी असायची. ‘वेळणेश्वर’ व्ही-नं की डब्ल्यू-नं? त्यात एकाच नावाची गावं. मुरुड रायगडात, मुरुड दापोलीजवळ, मुरुड लातूरलाही. बाईंना कुठलंही चालायचं!

हळूहळू बाईंचे वीक पॉइंटही कळले. पार्किंगच्या तळघरात चालू केलं, तर ती उपग्रह शोधत बसते. कारण प्रत्येक उपग्रह स्वतःचा नेमका ठावठिकाणा दर ३० सेकंदांनी सांगतो आणि तो अखंड ऐकू यावा लागतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक मिळायला तर साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून मोकळ्या आकाशाखाली गाडी उभी करून, चहा घेऊन मग निघायचं. फ्लायओव्हरवर आहोत की खालच्या सर्व्हिस रोडला, यात तिचा हमखास गोंधळ. घाटात एका बाजूला उंच कडा असला की बाण दरीत! आणि ‘सगळ्यात जवळचा मार्ग’ निवडला की ती खुशाल कोणाच्या तरी गोठ्यामागून नेते. जवळचा आणि लवकरचा यांत फरक आहे, हे त्या गोठ्यानं शिकवलं.

पण बाबांची खरी कमाल वेगळीच. यंत्रात आवडीची ठिकाणं सेव्ह करायची सोय होती. त्यांनी ती डायरीसारखी वापरली. कुठे काय चांगलं मिळालं की थांबल्या थांबल्या तिथेच नोंद! आणि हो, टपरीवर चौकशी करणं त्यांनी सोडलं नाही. उलट आता त्याला कारण मिळालं होतं, ‘माहिती गोळा करतोय.’

मग काही वर्षांनी फोन आले, डेटा स्वस्त झाला, फोनवरच ट्रॅफिकसकट रस्ता दिसू लागला. बाई मोज्यात गेल्या. त्याबद्दल कोणाला फार वाईट वाटलं, असंही नाही.

मोज्यातून बाहेर

तर त्या रविवारी पार्किंगमध्ये मी चार्जर सॉकेटमध्ये घातला. बॅटरी केव्हाच मेलेली, पण वायरीवर बाई जाग्या झाल्या! पाचेक मिनिटांनी बाणही आला. तारीख मात्र २००६ मधली. म्हणजे मी तिला विकत घेण्याच्याही आधीची! लेक हसून लोळली. पण याचंही कारण आहे. जीपीएस आठवडे मोजतं ते १,०२३ पर्यंतच, मग पुन्हा शून्य. एप्रिल २०१९ मध्ये हा आकडा शून्यावर आला. ज्या जुन्या यंत्रांना त्यासाठीचं अपडेट मिळालं नाही, ती १,०२४ आठवडे, म्हणजे साडेएकोणीस वर्षांहून जास्त मागे जातात. नकाशाही २०१० चाच. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला. बाईंना घेऊन त्यावर गेलो, तर बाण सरळ कोणाच्या तरी कापसातून पळताना दिसेल.

पण सेव्ह केलेली यादी शाबूत होती. ८७ ठिकाणं. बाबांनी सगळी कॅपिटल अक्षरांत लिहिलेली. ‘मिसळ चांगली, तिखट सांगू नये.’ ‘आईसाठी टॉयलेट स्वच्छ.’ ‘टपरीवाला हुशार, रस्ता बरोबर सांगतो.’ ‘बेबीला उलटी, लिंबू ठेवणे.’ आणि एक नुसतंच, ‘धोपावे.’

लेकीनं ती सगळी यादी आपल्या फोनवर उतरवून घेतली. निम्मी दुकानं आज तिथे नसतील. ‘‘असू दे, बघू तरी,’’ म्हणाली.

---

लाँग ड्राइव्हला निघताय? आधी एवढं करा!

* सेटिंग्ज उघडा. टोल, हायवे, फेरी टाळा यांपैकी कशावर खूण आहे ते बघा. फोनमध्येही ही यादी असते. कोकणात फेरीबोटीनं जायचं असेल, तर शेवटच्या फेरीची वेळ विचारून ठेवा.
* नकाशा आधी उतरवून घ्या. फोनचं जीपीएस रेंजशिवायही चालतं, पण नकाशा नसेल तर कोऱ्या पडद्यावर नुसता ठिपका दिसतो. घरच्या वायफायवरच डाउनलोड करा.
* पूर्ण मार्ग एकदा डोळ्यांखालून घाला. अंतर जास्त वाटलं तर ते बहुधा जास्तच असतं. घरात एखाद्या जाणत्या माणसाला दाखवा.
* गावाबरोबर तालुका-जिल्हाही बघा. खेड पुण्यातही आहे आणि रत्नागिरीतही!
* पावसाळ्यात घाटाची चौकशी करा. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात वाहतुकीला बंद ठेवले जातात. यंत्राला ते कळेलच असं नाही.
* चालवणाऱ्यानं टाइप करायचं नाही. फोन डावीकडच्या माणसाच्या ताब्यात. आणि त्या माणसानं झोपायचं नाही!

---

गाडी द्यायच्या आधी तिची शेवटची ट्रिप करायची ठरली. कुठे, ते वेगळं सांगायला नको. लेकीला नवं कोरं लायसन्स मिळालंय, त्यामुळे दापोलीच्या पुढे स्टिअरिंग तिच्याकडे. बाबा आता ७९ वर्षांचे. मागच्या सीटवर आईशेजारी, पाय लांब करून. डावीकडे मी.

दाभोळच्या अलीकडे एका फाट्यावर रस्त्याचं काम चाललं होतं. फोन एकीकडे म्हणत होता, बोर्ड दुसरीकडे. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, ‘‘थांब, इथे विचारू कोणाला तरी.’’

‘‘आई, प्लीज! फोन दाखवतोय ना.’’

मी गप्प बसले. खिडकीबाहेर बघू लागले. खोटं कशाला सांगू, लागलं मला. अगदी बारीक, पण लागलं.

मागून बाबांचा आवाज आला, ‘‘बोल, बोल. तू गप्प बसलीस, तर शंभर किलोमीटर जास्त पडतात.’’